त्रेचाळीस मास्तर आणि आमची सूनबाई

आमच्या शहरात नव्या माणसानं पत्ता विचारला की त्याला असं उत्तर मिळतं: मास्तर चौकातून सरळ जा, मास्तर पूल ओलांडा, मास्तर बागेला वळसा घाला, समोर मास्तर शाळा दिसेल, तिला लागून मास्तर बेकरी, आणि बेकरीवाल्याला विचारा, तो सांगेल. बिचारा बेकरीपर्यंत पोचला तर पोचला. एकजण तर पुलावरून तीनदा गेला आणि चौथ्यांदा पुलावरच्या शेंगदाणेवाल्याशी ओळख काढून तिथंच बसला म्हणे.

मास्तर म्हणजे आमचे मंत्री. मंत्री होण्याआधी एका खेड्यातल्या शाळेत मास्तर होते, म्हणून शेवटपर्यंत मास्तरच. त्या शाळेत मी होतो. आज शहरभर त्यांच्या नावाच्या पाट्या आहेत, पण त्यांची पहिली खूण उमटली ती माझ्या तळहातावर, छडीनं, तेराच्या पाढ्याला. ही गोष्ट मी इतक्या वेळा सांगितली आहे, की नात आता 'तेराच्या' म्हटल्यावर हात मागे घेते.

मास्तरांच्या आधी या शहरात नळ नव्हते. अर्ध्या कोसावरून पाणी आणायचं आणि आणता आणता अर्धं सांडायचं. मास्तरांनी नळ आणले. ज्या दिवशी पहिल्या तोटीतून पाणी आलं, त्या दिवशी लोक भांडी न घेताच धावले, नुसतं बघायला. उपकार मोठे होते, म्हणून लोकांनी नाव द्यायला सुरुवात केली ती थांबलीच नाही. चौक, पूल, बाग, तीन शाळा, दोन कॉलन्या, वाचनालय हे सरकारी झालं. पण सलूनवाल्यानं दिलं, कारण मास्तरांनी एकदा त्याच्याकडे केस कापले होते. बेकरीवाल्यानं दिलं, कारण मास्तर सकाळी त्याचाच पाव नेत. टायरवाल्यानं दिलं, कारण मास्तरांची गाडी त्याच्या दारात पंक्चर झाली होती. सलूनमध्ये ती खुर्ची अजून आहे. गिऱ्हाइकाला तिच्यावर बसू देत नाही, आदर म्हणून. दुपारी जेवण झालं की मालक स्वतः तिच्यात झोपतो, तोही आदरच असावा.

पण मला आज मास्तरांबद्दल लिहायचं नाही. त्यांच्याबद्दल लिहिणारे शिकलेले लोक पुष्कळ आहेत. मला लिहायचं आहे आमच्या सूनबाईबद्दल, कारण त्रेचाळीस मास्तरांच्या या शहरात माणूस कुठे पडला आहे हे शोधून काढायचं काम तिचं आहे.

पालिकेच्या इमारतीमागे गाड्यांची शेड आहे. शेडला लागून एक खोली. खोलीत लोखंडी टेबल, त्यावर दोन फोन, भिंतीवर शहराचा नकाशा, आणि खिडकीच्या चौकटीला बांधलेली एक दोरी. दोरी ओढली की शेडमध्ये घंटा वाजते आणि रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर चहाचा कप जिथं असेल तिथं ठेवून गाडीत बसतो. त्या टेबलाशी आमची सूनबाई गेली एकोणीस वर्षं बसते. तिथं तिला सगळे ताई म्हणतात. पासष्टीचा ड्रायव्हरही म्हणतो.

त्याआधी ती सिनेमाच्या तिकीट खिडकीवर होती. लग्न ठरवताना आमच्या नात्यातल्या एका बाईनं नाक मुरडलं होतं. मी म्हटलं, अहो, खिडकीला चारशे माणसं लोंबकळत असताना कोण काय मागतंय हे जिला कळतं, तिला आमच्या घरात काय जड जाणार आहे? आणि झालंही तसंच. आमच्या घरात चार माणसं एकदम बोलतात. त्यातलं प्रत्येकाचं तिला ऐकू येतं आणि उत्तर ती फक्त कामाच्या माणसाला देते.

फोनवर बसल्यावर पहिल्याच आठवड्यात तिच्या लक्षात आलं, की 'कुठे' हा प्रश्न या शहरात फुकट आहे. 'कुठे?' म्हटलं की पलीकडून उत्तर येणार, 'मास्तरच्या इथं.' मग तिनं 'कुठे' विचारणंच सोडलं. ती विचारते, 'समोर काय दिसतंय?'

एकदा एकजण म्हणाला, 'समोर मास्तरांची पाटी दिसतेय.'

'पाटी सोडून काय दिसतंय?'

'पाटी मोठी आहे हो ताई, बाकी काही दिसत नाही.'

'बरं, वास कसला येतोय?'

'रबराचा.'

तिनं दोरी ओढली. टायरवाल्याच्या दारात गाडी सहा मिनिटांत उभी.

हे असं सहज येत नाही. सुट्टीच्या दिवशी ती मला घेऊन शहरभर हिंडायची. माझे गुडघे तेव्हा बरे होते. कोणत्या मास्तरच्या दाराला हिरवं शटर, कोणत्या मास्तरसमोर फुटकी पायरी, कुठल्या शाळेची घंटा चिरकी आणि कुठल्या शाळेची खणखणीत, सगळं ती वहीत टिपून घ्यायची. मी सोबतीला, म्हणजे बोलायला. लोकांना वाटायचं, सासऱ्याला फिरायला आणते, किती गुणी सून. मी ते कधी खोडून काढलं नाही.

सवय घरातही शिरली. माझा मुलगा एकदा चष्मा शोधत होता. ही स्वयंपाकघरातून म्हणते, 'काढला तेव्हा समोर काय दिसत होतं?' तो म्हणाला, 'चष्मा काढल्यावर मला काय दिसणार?' असा संसार.

तर एकोणीस वर्षांत तिची गाडी चुकली फक्त एकदा. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

दोन वर्षांपूर्वी, दुपारी साडेतीनला फोन आला. बाईचा आवाज. 'मास्तर शाळेसमोर या लवकर, हे पडलेत, तोंड वाकडं झालंय.' शाळा तीन. सूनबाईनं विचारलं, 'समोर काय दिसतंय?' ती बाई म्हणाली, 'मला काही दिसत नाही हो, मी यांच्याकडे बघतेय.' आणि फोन हातातून पडला. सूनबाई ओरडून विचारत राहिली, पलीकडे नुसते हुंदके. तिला शिवणयंत्राचा आवाज ऐकू आल्यासारखा वाटला. मुलींच्या शाळेसमोर शिलाईचा एक वर्ग होता, गाडी तिकडे गेली. पण ते होतं जुन्या कॉलनीतल्या शाळेसमोरचं शिंप्याचं दुकान. गाडी परत वळून पोचेपर्यंत चौदा मिनिटं गेली. शिंपी वाचला, पण उजवा हात गेला. ज्या हातानं कात्री चालायची तो हात मांडीवर ठेवून तो आता बसतो. बायको कापते आणि तो सांगतो, इथून घे, तिथून सोड.

सूनबाई दोन दिवस घरी आली की नुसती ती वही उलटत राहिली. तिसऱ्या दिवशी शिंप्याच्या दुकानात गेली आणि म्हणाली, 'गाडी मी चुकीची पाठवली.' शिंप्याची बायको म्हणाली, 'मला तेव्हा समोर काय आहे ते सांगता आलं नाही.' मी बाहेर पायरीवर होतो. तेव्हा मीसुद्धा गप्प होतो, यावरून काय ते समजा.

परत येताना ती म्हणाली, 'बाबा, घाबरलेल्या माणसाला प्रश्न विचारायचे नसतात. त्याला एकच शब्द बोलता येतो. तो एक शब्द पुरला पाहिजे.'

'मग?'

'प्रत्येक मास्तरला नंबर द्यायचा. पाटीवर नावाखाली मोठा, ताटलीएवढा. तुमचा मोबाइल नंबर तुम्हाला पाठ आहे की नाही?'

'नाही.'

'तुमचं सोडा.'

तिनं अर्ज केला. अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला. होता होता दीड वर्ष गेलं आणि मास्तरांची जन्मशताब्दी आली. त्यानिमित्तानं पालिकेनं ठरवलं, की आणखी बारा ठिकाणांना मास्तरांचं नाव द्यायचं. त्यातले तीन चौक तर असे, की आजवर सूनबाई त्यांच्या जुन्या नावांवरूनच मास्तर आणि मास्तर यांतला फरक ओळखायची. पाट्या रंगवायला टाकल्या होत्या, तीन आठवड्यांत लागणार होत्या. त्रेचाळीसचे पंचावन्न, आणि एकालाही नंबर नाही. सूनबाई म्हणाली, 'नंबराशिवाय या पाट्या लागल्या, तर पुढच्या शिंप्याचा हातच नाही, जीव जाईल. आणि दोरी माझ्याच हातात असेल.' आणि अर्ज हातात घेऊन थेट अध्यक्षांकडे गेली. मी बरोबर होतोच.

पालिकेचे अध्यक्ष माणूस वाईट नाही. मास्तरांचा विषय निघाला की त्यांचे डोळे खरोखर भरतात. तेच अडचणीचं झालं.

'मास्तरांना नंबर?' ते म्हणाले. 'ताई, नंबर कैद्याला असतो. लॉरीला असतो.'

'खाटेलाही असतो साहेब,' सूनबाई म्हणाली. 'दवाखान्यात. म्हणून औषध चुकत नाही.'

अध्यक्षांनी पेपरवेट फिरवला. नाही म्हणायचं पण माणूस दुखवायचा नाही, अशी त्यांची पद्धत. म्हणाले, 'असं करा. ज्यांच्या ज्यांच्या पाट्या आहेत, त्या सगळ्यांच्या सह्या आणा. एकानं जरी नाही म्हटलं तरी विषय संपला.' त्यांना वाटलं, त्रेचाळीस माणसांचं एकमत या शहरात पाऊस थांबवण्यावरही होणार नाही.

पण सूनबाई निघाली आणि, काय सांगू, पहिल्या दिवशी सगळे हो म्हणाले. तिचं काम प्रत्येकाला कधी ना कधी पडलेलं होतं. बेकरीवाला म्हणाला, 'ताई, माझ्या आईला तुम्हीच पोचवलंत, सही काय, अंगठाही घ्या. फक्त एक, आमचा नंबर पहिला.'

सलूनवाला म्हणाला, 'सही करतो. एक नंबर आम्हाला. मास्तरांच्या डोक्याला हात लावणारा शहरात मी एकटा.'

टायरवाला म्हणाला, 'मास्तर स्वतः माझ्या दारात पाऊण तास थांबले होते. एक नंबर सोडून दुसरा मी लावणार नाही.'

'पंक्चर होतं म्हणून थांबले होते ना?' मी विचारलं.

'कारण काहीही असो, थांबले होते.'

पूल-चौकांच्या वतीनं तिथले दुकानदार धरून संध्याकाळपर्यंत तिच्याकडे त्रेचाळीस होकार होते आणि त्रेचाळीस पहिले नंबर. मी म्हटलं, सूनबाई, नाव कोणी देत नाही असं कधी झालं नव्हतं, पण एक सोडून दुसरा नंबर कोणी घेत नाही असं झालं खरं. तिला हसू आलं नाही. पाट्या लागायला पंधरा दिवस राहिले होते.

दुसऱ्या आठवड्यात भांडण पेटलं. बेकरीवाला आणि सलूनवाला एकमेकांच्या दुकानासमोर उभे राहून पुरावे वाचून दाखवू लागले. बेकरीवाला म्हणे, मास्तर माझ्याकडे रोज यायचे, तुझ्याकडे एकदाच आले. सलूनवाला म्हणे, पाव नोकरही आणतो, केस कापायला डोकं स्वतःच न्यावं लागतं. यात तथ्य होतं. शेवटी दोघं भांडत भांडत अध्यक्षांच्या दालनात गेले आणि त्यांच्या मागं वीस-पंचवीस दुकानदार. अध्यक्षांनी मागच्या शेडमधून सूनबाईला बोलावून घेतलं. फोनवर तिच्या जागी ड्रायव्हरला बसवून ती आली. मी त्याच वेळी नळपट्टीच्या चौकशीला गेलो होतो, असं सगळ्यांना सांगितलं.

अध्यक्ष म्हणाले, 'बघा ताई, हे असं होतं. म्हणून मी नको म्हणत होतो. मास्तरांच्या नावानं भांडणं लागली. विषय इथंच थांबवू.'

सूनबाईचा चेहरा मी पाहिला. एकोणीस वर्षं मी तो पाहतो आहे. फोनवर पलीकडचा माणूस चुकीचं काही सांगत असला, की ती अशीच मान थोडी तिरकी करते.

ती म्हणाली, 'एक नंबर पुतळ्याला.'

सलूनवाल्यानं बेकरीवाल्याकडे पाहिलं.

'मोठ्या मास्तर चौकात मास्तर स्वतः उभे आहेत. एक नंबर त्यांचा. मास्तरांच्या आधी ज्याला आपला नंबर लावायचा असेल, त्यानं हात वर करावा. मी नाव लिहून घेते.'

तिनं खरंच टेबलावरचं पेन उचललं.

वीस-पंचवीस माणसं, पण एकाचाही हात वर होईना. एकाला कान खाजवायचा होता, त्यानं तोही बेत रद्द केला. सलूनवाला हळूच म्हणाला, 'मास्तरांच्या आधी कोण कसा लावणार?' बेकरीवाला म्हणाला, 'तेच मी याला केव्हाचा सांगतोय.'

अध्यक्षांचे डोळे भरून आले. म्हणाले, 'पहिल्यापासून माझंही हेच म्हणणं होतं.' त्यांचं पहिल्यापासूनचं म्हणणं आम्ही सगळ्यांनी मान्य करून टाकलं.

बाकीचे नंबर कसे द्यायचे, तर सूनबाई म्हणाली, शेडच्या दारापासून अंतर मोजून. जवळचा आधी, लांबचा नंतर. यात मान नाही, अपमान नाही, नुसती पावलं. शेडच्या जवळची लाँड्री, म्हणून दोन नंबर तिला आला. लाँड्रीवाला हात जोडून म्हणाला, 'ताई, दोन नंबरचा धंदा म्हणतील लोक. मुलीचं लग्न व्हायचंय.' तेव्हा दोन नंबर पालिकेच्या इमारतीला, म्हणजे मास्तर भवनाला दिला. शेडला चिकटून तर तेच होतं, मोजताना कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. तिथं कोणीही हरकत घेतली नाही आणि शहरात कोणाला आश्चर्यही वाटलं नाही.

जन्मशताब्दीच्या आदल्या दिवशी पंचावन्न पाट्या लागल्या. पिवळ्या गोलात काळा आकडा, ताटलीएवढा. शाळा, बागा, कॉलन्यांमध्ये तर दर खांबावर. आकडा लावून काम संपलं असं वाटलं तर तुम्हाला आमची सूनबाई कळली नाही. ती येता-जाता कोणालाही अचानक विचारायची, 'नंबर?' बेकरीवाल्यानं पाव मोजता मोजता सांगायचं, 'चौदा.' शाळेत तर मुलांना हजेरीनंतर रोज म्हणायला लावलं. सलूनवाल्याला वाटेत गाठलं तर तो नमस्काराच्या जागी 'सतरा' म्हणायला लागला. त्याची बायको म्हणाली, 'ताई, हे झोपेतही सतरा म्हणतात. मला आधी भलतीच शंका आली.'

मास्तर असते तर त्यांना हे आवडलं असतं. पाठांतर हा त्यांचा जीव होता. आज एवढ्या मोठ्या शहरानं त्यांच्या नावाखालचे आकडे पाठ केले, आणि एकालाही छडी खावी लागली नाही. हे आमच्या घरच्या मुलीनं केलं, हे सांगताना मला आता या वयात लाज वाटत नाही. मी ते भाजीवाल्याला सांगतो, बँकेच्या रांगेत सांगतो, दाताच्या डॉक्टरला तोंड उघडं असताना सांगितलं.

पाट्या लागून सहा आठवडे झाले. एका बुधवारी सकाळी अकराला फोन वाजला. सूनबाईनं उचलला. पलीकडून एका बाईचा आवाज आला, धापा टाकत, 'एकोणतीस.' आणि फोन बंद.

सूनबाईनं दोरी ओढली. खिडकीतून ड्रायव्हरला दोन बोटं आणि नऊ बोटं दाखवली. गाडी बाहेर पडली.

एकोणतीस म्हणजे नव्या कॉलनीतली बाग. बागेच्या फाटकाशी एका माळीणबाईला गांधीलमाश्यांनी घेरलं होतं. चेहरा सुजून डोळे मिटले होते, श्वास अडकत होता. फोन तिनंच केला होता. समोर काय आहे ते तिला दिसत नव्हतंच, पण रोज ज्या खांबाला नळी बांधायची त्याच्यावरचा आकडा पाठ होता. गाडी पाच मिनिटांत पोचली, गाडीतल्या नर्सनं तिथंच इंजेक्शन दिलं. दवाखान्यातले डॉक्टर नंतर ड्रायव्हरला म्हणाले, आणखी पाच मिनिटं गेली असती तर आणायची घाई नव्हती. तिसऱ्या दिवशी माळीणबाई घरी गेली.

हे सगळं मला संध्याकाळी ड्रायव्हरकडून कळलं. सूनबाई घरी आली, चप्पल काढली, नातीच्या वहीवर नजर टाकली आणि भाजी निवडायला बसली. मी तिच्यासमोर जाऊन बसलो.

'मग तू तिला काय विचारलंस?'

'कुणाला?'

'माळीणबाईला. फोनवर.'

'काहीच नाही, बाबा.'

'काहीच नाही?'

'ती एकोणतीस म्हणाली. मी दोरी ओढली.' तिनं एक देठ मोडला आणि बाजूला ठेवला. 'मग गाडी पोचल्याचं कळेपर्यंत रिसीव्हर हातात धरून बसले होते. विचारायला काही उरलंच नव्हतं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.'

आणि माझ्याकडे बघून अशी हसली, की मीसुद्धा पुढचं काही विचारलं नाही. समोरची अर्धी जुडी ओढून घेतली आणि निवडायला लागलो.